गाळलेल्या चार ओळी

३ जून

चि. ठकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा ठीक आहे, दुकान ठीक आहे, चिऊला लॅबमध्ये बढती मिळाली, हे सगळं वाचून बरं वाटलं. पण शेवटच्या परिच्छेदाशी येऊन मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मी पाठवलेली दीपगृहाची कादंबरी तू म्हणे "ऐकलीस". फोनवर. कानात बोंडं घालून, पडद्यांना टीप मारता मारता.

ठके, पुस्तक ऐकतात का? पुस्तक काय कुकरची शिट्टी आहे? मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. एकेका अनुस्वारासाठी लेखकांशी भांडलो. ते कशासाठी? कुणा भाडोत्री बाईने लाडेलाडे वाचावं आणि तू दोरा ओवत हं हं करावंस म्हणून? वाचायला बसावं लागतं. पान उलटावं लागतं. अडलं तर मागे जावं लागतं. घास चावायचा कंटाळा आला की माणसं पेज पितात, तसला हा प्रकार. आजाऱ्याला ठीक, धडधाकट माणसाला लाज वाटली पाहिजे.

आणि ते पुस्तक साधं नव्हतं. निवृत्त होण्याआधी मी तपासलेलं ते शेवटचं. तीनदा वाचलंय मी ते, शब्द न् शब्द. म्हणून तुला मुद्दाम पाठवलं. ते कपाटात पडून राहणार आणि तू भोंगा ऐकणार, हे ठाऊक असतं तर टपालाचा खटाटोप केला नसता.

माझी तब्येत उत्तम. दात तेवढा एक हलतोय. चिऊला आशीर्वाद सांग.

राग मानलास तरी उत्तर लिहिशीलच, या खात्रीने थांबतो.

तुझा,
दादा


११ जून

ति. दादास,
ठकीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात बसूनच उत्तर देतेय, कारण तुला उत्तर द्यायला मी काही वेगळा वेळ काढणार नाही.

पेज काय, भोंगा काय, लाज काय! दात हलतोय म्हणतोस, जिभेला मात्र काही झालेलं दिसत नाही. तर ऐक. (ऐक म्हटलं, चुकलं. वाच.) हॉटेलचे बेचाळीस पडदे आले होते दुमड घालायला. तेवढे पडदे म्हणजे तीन दिवस नुसती सरळ टीप. हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात इतकी वर्षं काय होतं सांगू? शेजारच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ आणि गिऱ्हाइकांची कुरकुर. आता त्यात एक अख्खं दीपगृह आलं. अकरा तास लागले. एकदाही दोरा तुटला नाही.

आणि तुझ्या त्या कादंबरीबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगते. तू म्हणाला होतास की ही एकट्या पुरुषाची गोष्ट आहे. मला नाही वाटत. त्या रखवालदाराचा मला कंटाळाच आला. समुद्राकडे बघून नुसते उसासे टाकतो. गोष्ट त्याच्या बायकोची आहे. पुस्तकभर ती भांडी घासते, तेल भरते, आणि एकदाच बोलते. ते एक वाक्य ऐकलं आणि माझा पाय मशीनवरून उचलला गेला.

मला ती वाचणारी बाई आवडते. लाडेलाडे वाचत नाही. सर्दी झाल्यासारखा तिचा आवाज आहे, पण जिथे थांबायचं तिथेच थांबते. आता मी दुसरं पुस्तक लावलंय. ते कुठलं ते सांगणार नाही, तू त्यातही चुका काढशील.

दात काढून टाक. चिऊ नमस्कार सांगते.

रागावलास तरी माझाच आहेस, तेवढं असू दे.

तुझी,
ठकी


१७ जून

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. रखवालदाराची बायको म्हणे "बोलते"! ठके, मी ते पुस्तक तीनदा तपासलंय. ती बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुकी आहे. तोच तर त्या पुस्तकाचा सगळा डौल आहे. समीक्षकांनीही तसंच लिहिलंय. तुझ्या त्या सर्दीवाल्या बाईने पदरचं काहीतरी घुसडलं असेल, नाहीतर मशीनच्या खडखडाटात तुलाच भास झाला असेल. ऐकून "वाचणाऱ्यांचं" हेच होतं. धड काही हाती लागत नाही, आणि मत मात्र ठणठणीत.

वाईट वाटतं ते असं की मी तुझ्यावर मेहनत घेतली होती. लग्न झाल्यावर तू पत्रं लिहायला लागलीस तेव्हा मी एकेक पत्र लाल शाईने तपासून परत पाठवत असे. वर्षभरात तुझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका थांबल्या. मित्रांना मी अभिमानाने सांगायचो.

आता स्पष्टच लिहितो. तू लहानपणापासून दगड होतीस. चौथीत बाबांनी तुझी शाळा सोडवली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, कारण पोरं मला दगडाचा भाऊ म्हणायची. पुढे वाचायला शिकलीस, पण अक्षरं वाचता आली म्हणून माणसाला कळतं असं नाही. आई अंथरुणावर तुझं नाव घेत होती, ये म्हणून मी लिहिलं, तर तू हवापाण्याचं उत्तर पाठवलंस आणि आली नाहीस. ज्याला आपल्या आईसाठी लिहिलेलं वाचून काही वाटत नाही, त्याने पुस्तकं ऐकली काय आणि न ऐकली काय, दगडावर पाणीच.

असो. दात काढला. डॉक्टर बरा आहे, पण त्याच्या पाटीवर "दंतचिकीत्सा" लिहिलंय, दुसरी वेलांटी दीर्घ. मी त्याला दाखवून दिलं. तो हसला. हल्ली सगळे हसतात.

जे लिहिलं ते मनात ठेवण्यापेक्षा बरं, एवढं समजून घे.

दादा


२४ जून

ति. मामास,
चिऊचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आईला ठाऊक नाही. कृपा करून याचा उल्लेख तिच्या पत्रात करू नका.

मामा, तुम्हाला एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. आईला वाचता येत नाही. अजूनही. आकडे येतात, मापं येतात, स्वतःची सही येते. एवढंच. ती म्हणते, अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात. असं काहींना जन्मापासून असतं, त्यात बुद्धीचा काही दोष नसतो, हे मला नोकरी लागल्यावर एका डॉक्टरांकडून कळलं. तोवर आम्हीही घरात ते झाकूनच ठेवत होतो.

तिची पत्रं बाबा लिहायचे. ती बोलायची आणि बाबा त्यांच्या पद्धतीने लिहायचे. टपाल कचेरीतला माणूस, कागदी भाषा यायचीच. तुमची लाल शाई आली की ते म्हणायचे, माझी शाळा सुटून वीस वर्षं झाली, पण तुझ्या दादाने मला काही सोडलं नाही. बाबा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी लिहिते. मी मात्र ती बोलेल तसंच उतरवते.

तुमचं सतरा तारखेचं पत्रही मीच तिला वाचून दाखवलं. त्यातल्या चार ओळी मी गाळल्या. कुठल्या ते तुम्हाला कळेल. तिला वाटतंय की तुम्ही फक्त मुक्या बाईवरून भांडलात. ती खुशीत आहे, उत्तर काय द्यायचं याची जुळवाजुळव करतेय.

रागावून लिहिलं असेल, मी समजू शकते. पण यापुढे जरा जपून लिहा. मला प्रत्येक वेळी इतक्या झटपट गाळता येईलच असं नाही.

तुमची,
चिऊ


२ जुलै

दादास,
नमस्कार.

हे पत्र चिऊ लिहितेय. एक शब्द गाळायचा नाही आणि एक शब्द पदरचा घालायचा नाही, अशी ताकीद दिलीय. ती रडतेय. रडू दे. अक्षर फिसकटलं तर तुझी लाल शाई आहेच.

तुझ्या पत्राचं काय झालं ते सांगते. छोटी चार पानं होती, एकाच बाजूने लिहिलेली. चिऊने वाचून दाखवली. मी कांदा चिरत होते, तो चिरून व्हायच्या आत पत्र संपलं. पूर्वी मला ते कळलं नसतं. पण आता मी पुस्तकं ऐकते ना, मूर्खासारखी, भोंग्यावर. लिहिलेलं तोंडातून बाहेर यायला किती वेळ लागतो ते आता मला वितीने मोजल्यासारखं कळतं. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि एकदम दातांच्या डॉक्टरवर आली. कापड कुठे कापून जोडलंय ते मला हाताला कळतं, तसंच ते कानाला कळलं.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन खालच्या औषधवाल्याकडे गेले. चष्मा घरी राहिला म्हटलं. तिसऱ्या पानावर तोही थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत पुढे वाचू का म्हणाला. वाच म्हटलं. तो काही नात्यागोत्याचा नाही. गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतो त्याच सुरात त्याने सगळं वाचलं.

मग घरी येऊन चिऊला समोर बसवलं. तू किती गाळलंस आणि तुझ्या बाबांनी किती गाळलं, सगळं काढ म्हटलं. ट्रंकेतली तुझी सगळी पत्रं काढली. पाच दिवस रोज संध्याकाळी पहिल्यापासून वाचून घेतली. तुला चोरून पाठवलेलं पत्रही तिने कबूल केलं.

दादा, आईने माझं नाव घेतलेलं मला ठाऊक नव्हतं. चिऊच्या वेळेस मला सातवा महिना होता, डॉक्टरने प्रवास नको म्हटलं होतं. ह्यांनी ती ओळ गाळली. मला सांगितलं, आईला थोडा ताप आहे. मी तापाला उत्तर पाठवलं. सत्तावीस वर्षं तू मला दगड समजलास आणि मी तुला तुसडा समजले, आणि मधल्या माणसाला वाटत होतं की तो मला जपतोय.

जपणाऱ्यांचा मला वीट आलाय. चिऊचे बाबा मला गोष्टीसुद्धा तशाच गाळून वाचून दाखवायचे. कुणी मेलं की म्हणायचे, पुढे काही विशेष नाही. म्हणून मला ती सर्दीवाली बाई आवडते. तिला मी कोण ते माहीत नाही, त्यामुळे ती माझी दया करत नाही. वाईट आलं की वाईट वाचते. मागे नेलं की तेच पुन्हा वाचते, तोंड वाकडं न करता. साठीला टेकल्यावर मला पहिल्यांदा पुस्तक अख्खं मिळालं, आणि ते तू मला लाजेचं म्हणून सांगतोस.

आणि तू! अनुस्वार शोधणारा माणूस तू. तीस वर्षं भावोजींचं अक्षर बघितलंस, मग एका महिन्यात चिऊचं अक्षर आलं. तुला दिसलं नाही? दिसलं. तू लिहिलं होतंस की भावोजी गेल्यापासून तुझं अक्षर सुधारलं, दुःखाने हाताला वळण लागलं. ही ओळ चिऊने तेव्हा गाळली होती. परवा ऐकून मी इतकी हसले की तिला भीती वाटली.

आता पत्र पाठवू नकोस. आलं तर मी फोडणार नाही. ते सतरा तारखेचं पत्र इथे ठेवलंय. ये, आणि तुझ्या तोंडाने मला वाचून दाखव. एक ओळ न गाळता.

लोभाचं काय करायचं ते तू आल्यावर बघू.

ठकी


९ जुलै

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई माझं पत्र फोडणार नाही, म्हणून हे तुझ्या नावाने लॅबच्या पत्त्यावर पाठवतोय. तिला वाचून दाखव. गाळायचं काही नाही यात.

तिला सांग की मी एकवीस तारखेच्या सकाळच्या गाडीने येतोय.

तिला हेही सांग की शेजारच्या मास्तरांच्या सुनेकडून मी ते ऐकायचं यंत्र फोनवर घालून घेतलं. तो प्रकार मला अजूनही आवडत नाही. ती बाई "श" आणि "ष" एकच करते, आणि स्वल्पविरामाला इतकी थांबते की तेवढ्यात माणूस चहा करून येईल. चूक दाखवायची म्हणूनच ऐकायला बसलो होतो. नवव्या प्रकरणात तपासनीस येतो. रखवालदार त्याला वही वाचून दाखवतो, वादळात मी दिवा लावला म्हणून. आणि दारातून बायको म्हणते की दिवा मी लावला होता. दोघेही वळून बघत नाहीत. पुढचं वाक्य लगेच तेलाच्या पिंपाबद्दल आहे.

छापील प्रत काढून पाहिली. आहे. पान एकशे त्र्याऐंशी. त्या वाक्याला अवतरणचिन्हं नव्हती, ती मीच घातली होती. समासातली माझी खूण आठवते मला. चिन्हं घातली आणि पुढे गेलो. तीन वेळा.

तुझ्या बाबांची पत्रंही काढली. लाल शाईने मी टपाल कचेरीतल्या पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला ऱ्हस्वदीर्घ शिकवत होतो. एकदाही त्यांनी मला तोंडावर काही म्हटलं नाही. भला माणूस होता. तुझ्या आईचं आत्ताचं मत मला कळलंय, तरी लिहितो.

आईबद्दल तिला आणखी एक सांगायचं आहे. ते समोर सांगेन.

तू रागावू नकोस. तू गाळलंस ते गाळण्याच्याच लायकीचं होतं, पण गाळायला नको होतं.

मामा


३० जुलै

ति. दादास,
ठकीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. छत्री इथेच राहिली आहे. ती पाठवणार नाही, येऊन ने.

तू गेल्यापासून चिऊ मला रोज विचारते की त्या दिवशी दुकानात काय झालं. ती कामावर होती. मी सांगत नव्हते. आता पत्रातच सांगते, म्हणजे तिलाही कळेल आणि लिहावंही लागेल.

चिऊ, लिही. तुझा मामा आला तो बॅग खाली न ठेवता उभाच राहिला. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि पत्र हातात दिलं. माझ्या पुढ्यात एका पँटची चेन होती, मी उसवत राहिले. पहिली दोन पानं त्याने बातम्या वाचाव्यात तशी वाचली. दादा, तुला वाचता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तू चुका शोधत वाचतोस. वाक्यातल्या माणसांना श्वाससुद्धा घेऊ देत नाहीस.

तिसऱ्या पानावर पँटवाली बाई आली. तू थांबलास आणि नंतर वाचतो म्हणालास. मी बाईला बसायला सांगितलं आणि तुला वाचायला. दगड या शब्दाशी तू पाणी मागितलंस. पाणी दिलं. पाणी पिऊन तू दोन ओळी सोडून पुढे जायला निघालास, तेव्हा मागे जा म्हटलं. गेलास. तू अख्खं वाचलंस हे मी विसरणार नाही. बाई चेन लावलेली पँट घेऊन गेली. परत आलेली नाही.

मग लागलं का म्हणून विचारलंस. लागलं म्हटलं. तुला काय वाटलं, नाही म्हणेन?

आणि मग तू आईचं सांगितलंस. ते मी चिऊला अजून सांगितलेलं नाही, म्हणून तिच्याचकडून नीट लिहून घेते. तू म्हणालास की माझं पत्र आलं की तू आईला वाचून दाखवायचास, आणि दर वेळी आई म्हणायची की जावई छान लिहितात. दर वेळी तू तिला दुरुस्त करायचास. जावई नव्हे, ठकी. वय झालं, घोटाळा होतो, असं तुला वाटायचं. शेवटच्या आजारात ती म्हणाली की ठकीला आणायला माणूस पाठव, पत्र लिहू नकोस, तिला वाचता येत नाही. तू तापातलं बरळणं समजलास, आणि आत जाऊन मला पत्र लिहिलंस.

हे ऐकून मी चालतं मशीन थांबवलं, ते तुझ्यावर रागावून नव्हे. राग आहे, तो राहील, त्याची काळजी करू नकोस. पण मी जन्मभर समजत होते की मी आईलाही फसवलं. मी तिला एक ओळ लिहू शकत नाही, आणि माझ्या नावावर दुसऱ्याची ओळ ऐकून ती खूश होतेय, याची मला तिच्यासमोर बसायला लाज वाटायची. माहेरी येणं मी त्यापायी टाळलं. ती तर पहिल्या पत्रापासून ओळखून होती. चार वाक्यं ऐकली आणि तिला कळलं की ही माझी पोर बोलत नाहीये.

चिऊने पेन खाली ठेवलं होतं. आता उचललंय.

डोळ्यांना जप, लाल शाई फेकून दे, आणि येशील तेव्हा कान मोकळे ठेवून ये, मला पुष्कळ बोलायचं आहे.

तुझी,
ठकी